चपलेचं टोक झिजतं, तिथंच धंदा आहे



पुढं वाचण्याआधी जरा उठा आणि घरातली चामड्याच्या तळाची एखादी जोडी घेऊन या. कोल्हापुरी असेल, लग्नात घेतलेली मोजडी असेल, नाहीतर मुंबई-पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाचा भारीतला बूट असेल. जोडी उलटी करा आणि टोकाकडं बघा. अंगठ्याच्या पुढचा अर्धा-पाऊण इंच बाकीच्या तळापेक्षा जास्त खाल्ला गेलेला दिसेल. चामड्याचे थर सुटायला लागलेले असतील, कदाचित शिलाईही उघडी पडली असेल. वरून बघाल तर तीच जोडी अजून दोन वर्षं सहज जाईल अशी.

म्हणजे अख्खी जोडी चांगली, फक्त पुढचा अर्धा इंच गेला. आणि त्या अर्ध्या इंचापायी माणूस जोडी टाकून देतो.

आजचं माझं म्हणणं सरळ आहे. कोडोलीत, वारणेच्या पट्ट्यात, किंवा तुमच्या गावात चामड्याच्या तळाची जोडी जो कोणी विकतो, त्यानं टोकाचं संरक्षण त्याच दिवशी, त्याच काउंटरवर विकलं पाहिजे. आणि ज्याला लहान धंदा सुरू करायचाय पण दुकानभर माल भरायला भांडवल नाही, त्यानं या कामाकडं गंभीरपणे बघावं. फक्त एका अटीवर, ती पुढं सांगतो. ती अट पाळायची नसेल तर या धंद्यात न पडलेलं बरं.

टोकच का झिजतं?

धंदा करायचा तर आधी वस्तू समजली पाहिजे. गिऱ्हाईक विचारणारच, "पुढंच का झिजतंय?" त्याला उत्तर देता आलं तर निम्मा सौदा तिथंच होतो.

आपण चालतो तेव्हा टाच आधी टेकते आणि जमीन सगळ्यात शेवटी सोडतं ते टोक. त्या शेवटच्या क्षणी अंगाचा भार पुढच्या छोट्याशा जागेवर येतो आणि टोक जमिनीवर घासून सुटतं. नव्या चामड्याचा तळ ताठ असतो. तो पावलाबरोबर वाकत नाही, म्हणून सगळा घास टोकावर. काही दिवसांनी तळ मऊ पडतो, पायाचा बाक घेतो, टोक थोडं वर उचललं जातं आणि झीज मंदावते.

यातून काय कळलं? सगळ्यात जास्त झीज पहिल्या दिवसांत होते. जोडी नवी, मालक खूश, आणि तळ मात्र गुपचूप चालला. टोकाचं काम "झिजल्यावर बघू" म्हणून ठेवलं की उशीर झालेलाच असतो. रोग होऊ नये म्हणून लस देतात, तसं हे काम.

कोल्हापुरीत आणखी एक गोष्ट. तिचा तळ चामड्याच्या थरांचा आणि थर शिवलेले. बाभळीची साल, हिरडा असल्या झाडांच्या मालानं कमावलेलं चामडं असतं. पाय त्यात थंड राहतो, घाम शोषला जातो. पण हे चामडं पाणीही पितं. ओला तळ फुगतो, मऊ होतो आणि ओल्या रस्त्यावर कोरड्यापेक्षा फार लवकर झिजतो. शिवाय मागून बांधलेली नसल्यामुळं चप्पल फरफटते, म्हणून टाचेची मागची कडही जाते. कोल्हापुरीचं काम करताना टोक आणि टाच दोन्ही बघायची.

"कोडोलीत कोण लेदर सोल घालतंय?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. बरोबर आहे. बाजारात फॉर्मल म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बुटांना आज रबर नाहीतर पीयूचा तळ असतो. त्यांना या कामाची गरज नाही, त्यांच्या मागं लागू नका.

पण आपण राहतो कुठं? कोल्हापूर जिल्ह्यात. चामड्याच्या तळाची चप्पल ज्या नावानं जगभर ओळखतात ते नावच आपल्या जिल्ह्याचं आहे. शहरात चप्पल लाईनवर आलेला पाहुणा जोडी घेतल्याशिवाय परत जात नाही. आणि कोडोली ही पन्हाळा तालुक्यातली चांगली बाजारपेठ. शेजारी वारणानगर. साखर कारखाना, दूध संघ, वारणा बझार, इंजिनिअरिंग आणि फार्मसीची कॉलेजं. कामगार, प्राध्यापक, विद्यार्थी, आसपासच्या गावांतून येणारे शेतकरी, सगळ्यांची रोजची ये-जा. लग्नसराईत कोल्हापुरी आणि मोजडी घराघरात येते. गावची पोरं पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहेत, ती सणाला येताना भारी बूट घालून येतात, आणि तिकडं दुरुस्ती महाग म्हणून इकडं करून नेतील. गिऱ्हाईक आहे. त्याला हे काम होतं हेच माहीत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

काय काय करता येतं?

चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, लोखंडी नाल. आपल्या आजोबांच्या पायताणाला असायची ती. स्वस्त, टिकाऊ. पण फरशीवर घसरते, टाइल्सवर चरे पाडते आणि आवाज करते. शेतात, मातीच्या रस्त्यावर ठीक. गुळगुळीत फरशीच्या ऑफिसात जाणाऱ्याला देऊ नका. तो एकदा घसरला की तुमचं नाव गावभर होईल, आणि ते चांगलं नसेल.

दुसरा, चामड्यात बसवलेली पोलादी पट्टी. यात टोकाचं चामडं पट्टीच्या जाडीइतकंच कापून काढतात आणि पट्टी बारीक स्क्रूनं तळाच्या पातळीत बसवतात. दिसायला देखणी, टिकायला दणकट. पण जाड तळाच्या, कडेनं शिवलेल्या भारी बुटांनाच. पातळ तळाला स्क्रू आरपार येऊन पायाला टोचेल.

तिसरा, रबराचा तुकडा. मला विचाराल तर आपल्या भागातल्या धंद्याचा पाया हाच. टोकाचं चामडं रापीनं तिरकं तासायचं, पॉलिश पेपरनं खरखरीत करायचं, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावायचं, ते चिकट होईपर्यंत थांबायचं, मग दाबून ठोकायचं आणि कड घासून एकजीव करायची. तुकडा पातळच हवा. जाड झाला तर माणूस ठेच लागल्यासारखा चालतो.

चौथा, हाफ सोल. टोकापासून तळव्याच्या मध्यापर्यंत पातळ रबर. पावसाळ्यात वापरायची जोडी असेल तर हाच. नव्या ताठ जोडीला लगेच लावण्यापेक्षा गिऱ्हाइकाला चार-सहा वेळा कोरड्यात घालून आणायला सांगा. तळानं बाक घेतला की रबर सुटत नाही.

आता कोल्हापुरीसाठी तीन पथ्यं. शिलाईच्या ओळीवर रापी चालवायची नाही, वादी तुटली की थर सुटले. खिळा मारायचा मोह टाळायचा. आणि चप्पल ओली किंवा तळाला तेल लागलेली असेल तर काम घ्यायचं नाही. ओली असेल तर सावलीत पूर्ण वाळू द्या, उन्हात नको, चामडं कडक होऊन तडकतं. तेल वरच्या बाजूला, तेसुद्धा रबर बसवल्यानंतर. तेलकट चामड्यावर सोल्यूशन धरत नाही.

"रबर लावलं तर ती कोल्हापुरी कसली?"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. हातानं केलेलं काम आणि चामडं ही तिची ओळख. ती ओळख पुसायला मी सांगत नाही.

पण बनवणं वेगळं आणि वापरणं वेगळं. पैठणीला फॉल लावला म्हणून ती पैठणी राहत नाही का? फॉल कशासाठी लावतो? काठ झिजू नये म्हणूनच ना? टोकाला लावलेला रबराचा तुकडा हा चपलेचा फॉल आहे. वरून दिसत नाही, चप्पल तीच राहते. मात्र दोन नियम पाळा. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय लावायचा नाही, आणि लावलेला असेल तर लपवायचा नाही. ज्याला संपूर्ण चामड्याचीच हवी, त्याला तशीच द्या आणि पाण्यापासून जपायला सांगा.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा. "जोडी जास्त टिकली तर नवी कोण घेणार?" हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो. पण प्रत्यक्षात होतं काय? ज्याची कोल्हापुरी एका पावसाळ्यात गेली, तो पुढच्या वेळी दुसरी कोल्हापुरी घेत नाही. तो म्हणतो, "चामडं काय टिकत नाही बाबा," आणि प्लॅस्टिकची नाहीतर पीयूची जोडी घेतो. तो तुमच्या दुकानातून गेला, आणि कोल्हापुरीपासूनही गेला. उलट ज्याची जोडी तीन वर्षं चालली तो लग्नकार्यात चार जणांना तुमच्याकडं घेऊन येतो. टिकलेली जोडी ही फुकटची जाहिरात.

ती अट

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे काम ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना आपण काय दिलं? रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसलेल्या कारागिराशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. तोच माणूस मॉलमध्ये गेला की लावलेली किंमत गुपचूप देतो. चामड्याच्या कामाला जातीचं लेबल लावून समाजानं त्याची किंमत पाडली, आणि पाडलेली किंमत हीच खरी किंमत असं सगळ्यांनी धरून चाललं. म्हणूनच त्या घरातली नवी पोरं आरी-रापी हातात घ्यायला तयार नाहीत. त्यांचं काही चुकत नाही.

२०२५ च्या जून महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपण सगळे भडकलो. टीका झाल्यावर ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे असं कंपनीला मान्य करावं लागलं. राग योग्यच होता. पण आता स्वतःला विचारा. उद्या तुम्ही कोडोलीत चकचकीत काउंटर टाकलात, बोर्डावर तुमचं नाव लावलंत, आणि मागच्या खोलीत कारागिराला नगावर चार पैसे टेकवलेत, तर तुमच्यात आणि त्या कंपनीत फरक काय राहिला? मिलानचं अंतर तेवढं जास्त.

म्हणून अट अशी. कारागीर या धंद्यात भागीदार असेल, किंवा त्याची मजुरी प्रत्येक कामावर आधी ठरलेली आणि पावतीवर लिहिलेली असेल. बोर्डावर त्याचं नाव असेल. आणि कारागीर स्वतः हे वाचत असेल तर त्याला सांगतो, मधल्या माणसाची वाट बघू नका. हात तुमचा आहे. काउंटर, पावतीपुस्तक आणि फोनवरचा क्यूआर कोड यांनीच तुमच्या कामाचा भाव बदलायला सुरुवात होईल.

हिशेब मांडून बघू

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय. तुमच्या गावचे दर काढून तुम्ही तुमचे घाला.

टोकाचा रबर तुकडा, दोन्ही पायांचे मिळून १०० रुपये. माल १५, कारागिराची मजुरी ४०, जागा-वीज-इतर १०. उरले ३५.

हाफ सोल, जोडीला ३५० रुपये. माल ११०, मजुरी १२०, इतर २०. उरले १००.

दिवसाला सहा टोकं आणि दोन हाफ सोल धरले तर काउंटर चालवणाऱ्याला ४१० रुपये आणि कारागिराला ४८० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरा. तुम्हाला १०,२५० आणि कारागिराला १२,०००.

"सर, त्याला माझ्यापेक्षा जास्त?" हो. कौशल्य त्याचं आहे. शिवाय तुमचा पूर्ण दिवस यात जात नाही. आधीच चपलांचं, बॅगांचं, टेलरिंगचं किंवा लाँड्रीचं दुकान असेल तर त्याच काउंटरवर ही जोड आहे. फक्त याच कामावर घर चालवायचं असं पहिल्या दिवशी ठरवू नका. लग्नसराईत काम दुप्पट येईल, एखादा महिना कोरडा जाईल.

ब्रिटनमधली टिम्प्सन ही कंपनी बघा. १८६५ साली मँचेस्टरमध्ये बुटांच्या दुकानापासून सुरुवात झाली, आणि आज ती बूटदुरुस्तीसाठी आणि किल्ल्या बनवण्यासाठी ओळखली जाते. एकाच छोट्या जागेत एकाच कारागिराकडं अनेक कामं, म्हणजे एक काम मंदावलं तरी दुसरं चालू. तुम्हीही बॅगेची चेन, पट्ट्याला भोक, चपलेचा अंगठा शिवणं, किल्ल्या अशी जोड देऊ शकता. कारागिराला जमतं आणि गावाला लागतं ते घ्या.

सुरुवात कशी करायची?

एक. आधी वीस जुन्या जोड्यांवर काम करून बघा. घरच्या, नातेवाइकांच्या, भंगारात निघालेल्या. त्या रोज घालायला द्या आणि महिनाभरानं तपासा. कुठला तुकडा सुटला, कुठला टिकला ते वहीत लिहा. गिऱ्हाइकाच्या नव्या जोडीवर शिकायचं नाही.

दोन. काउंटरवर दोन चपला उलट्या ठेवा. एक संरक्षण न लावता वापरलेली, एक लावून वापरलेली. तुम्ही दहा मिनिटं बोलून जे पटणार नाही ते गिऱ्हाइकाला एका नजरेत पटेल.

तीन. काम घेताना तळाचा फोटो काढा, पावती द्या, तारीख लिहा. तुकडा ठरलेल्या मुदतीत सुटला तर फुकट बसवून द्यायचा आणि तसं पावतीवर छापायचं. मुदत किती ते तुमच्या वीस जोड्यांच्या वहीवरून ठरवा, हवेतून नको.

चार. आसपासच्या चप्पल विक्रेत्यांशी बोला. नवी जोडी विकताना त्यांनी विचारायचं, "टोकाला संरक्षण लावून देऊ का?" लावलं तर त्यांचं कमिशन. मात्र ते तुमच्या हिश्शातून, कारागिराच्या नाही.

पाच. शिलाई झिजून गेली असेल, थर कुजले असतील, तर स्पष्ट सांगा, "याला आता नवा तळ लागेल, तुकड्यानं भागणार नाही." शंभर रुपये घेऊन न टिकणारं काम करण्यापेक्षा गिऱ्हाइकाला खरं सांगून परत पाठवलेलं परवडतं. तो परत येतो.

भांडवलाचं म्हणाल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्या १८ व्यवसायांमध्ये चर्मकार आणि पादत्राणं बनवणारे कारागीर आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते नीट फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची मांडणी आहे. नोंदणी सीएससी केंद्रातून होते. पण ही योजना हातानं काम करणाऱ्यासाठी आहे, काउंटरवर बसणाऱ्यासाठी नाही. कारागिराच्या नावावर कर्ज काढून ते तुम्ही वापरायचं, असला उद्योग करू नका. त्याची कागदपत्रं करायला मदत करा, ती तुमची भागीदारीची पहिली कमाई समजा. राज्य सरकारचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळही आहे, त्यांच्या जिल्हा कार्यालयात कारागिराबरोबर जाऊन चालू योजनांची चौकशी करा.

या आठवड्याचं काम

बाजाराच्या दिवशी कोडोलीत, नाहीतर तुमच्या गावात, पंचवीस लोकांना विचारा. चामड्याच्या तळाची जोडी आहे का? शेवटची जोडी का टाकली? पट्टा तुटला, टोक गेलं, की टाच गेली? उत्तरं वहीत रेघा मारून लिहा. मग गावातल्या चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडं जा, घासाघीस न करता एक काम करून घ्या, आणि त्याला विचारा, दिवसाला किती मजुरी पडली तर तुमचा मुलगा हे काम शिकेल?

तो जो आकडा सांगेल, तिथून तुमचा दर ठरवायला सुरुवात करा. दर आधी ठरवून उरेल ते कारागिराला, ही पद्धत आजवर चालत आली, आणि तिनं काय केलं ते आपल्यासमोर आहे.

चला, वही काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.